सांडपाण्यातील विष अर्ध्या तासात कळू शकते

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मृगाचे पहिले मोठे पाऊस पडले, की कोकणातल्या कुठल्या तरी खाडीत मेलेल्या माशांचा खच दिसल्याची बातमी हमखास येते. त्यानंतर काय घडते, हेही आता वाचकांना पाठ झाले असेल. मच्छीमार मेलेली मासळी घेऊन कार्यालयावर जातात, अधिकारी येऊन पाण्याचे नमुने घेतात, नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि काही दिवसांनी अहवाल हाती येतो तेव्हा त्यातले बरेचसे आकडे मर्यादेत असतात. लोकांचा त्या अहवालावर विश्वास बसत नाही आणि कुणीतरी पैसे खाल्ले असा त्यांचा समज होतो. मी सव्वीस वर्षे एका औद्योगिक वसाहतीतल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, ज्याला सगळे सीईटीपी म्हणतात, प्रयोगशाळेत असे आकडे काढण्याचेच काम केले. त्या अनुभवावरून सांगतो, की आकडा खरा असूनही पाणी विषारी असू शकते, कारण आपण रोज ज्या चाचण्या करतो त्या विष मोजण्यासाठी नाहीतच. विष मोजणारी चाचणी जगात चाळीसहून अधिक वर्षे वापरात आहे, तिच्यात जिवंत जिवाणू असतात, आणि तिचे उत्तर अर्ध्या तासात मिळते. ती सीईटीपींना आणि नदीतून पिण्याचे पाणी उचलणाऱ्या केंद्रांना सक्तीची करावी, अशी माझी मागणी आहे.

सीओडी आणि बीओडी ही दोन नावे प्रदूषणाच्या प्रत्येक बातमीत येतात. पाण्यातले पदार्थ रासायनिक रीतीने पूर्ण जाळायला जेवढा प्राणवायू लागतो तो सीओडी. नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात दीडशे अंशांवर दोन तास तापवून तो काढतात. तेच काम जिवाणूंवर सोपवले तर त्यांना लागणारा प्राणवायू तो बीओडी. त्यासाठी युरोप-अमेरिकेत नमुना २० अंश सेल्सिअसला ५ दिवस ठेवतात, आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवस. दोन्ही चाचण्या उपयोगाच्या आहेत, कारण सांडपाणी खाडीतला किती प्राणवायू ओढून घेईल ते त्यांवरून कळते. मात्र एक लिटर स्वच्छ पाण्यात चमचाभर, धरा ५ ग्रॅम, साखर विरघळवली तर त्या पाण्याचा सीओडी लिटरला साडेपाच हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातो, आणि सांडपाणी सोडण्याची मर्यादा आहे २५० मिलिग्रॅम. उलट एन्डोसल्फानसारखे कीटकनाशक लिटरला काही मायक्रोग्रॅम एवढे असले तरी मासे मरतात, आणि तेवढ्याने सीओडीचा आकडा जरासुद्धा हलत नाही. लहान मुलाला निर्धास्तपणे पाजता येईल असे सरबत या चाचणीत नापास ठरते आणि मासे मारणारे पाणी पास होते.

ही गोष्ट मला नीट उमगली ती नोकरीच्या बाराव्या वर्षी, जून महिन्यातल्या एका सकाळी. सीईटीपीचा सगळा प्राण एरेशन टँकमध्ये असतो. त्या टाकीतल्या तपकिरी गाळात, म्हणजे स्लजमध्ये, अब्जावधी जिवाणू असतात आणि तळातून फुंकलेल्या हवेवर जगत ते सांडपाण्यातली घाण खातात. टाकीतला विरघळलेला प्राणवायू आम्ही लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास राखत असू. त्या सकाळी मीटरवर सहाच्या वरचा आकडा होता. ब्लोअर रोजच्याइतकेच चालू होते. रात्रपाळीचा मुलगा नवीन होता आणि प्राणवायू किती छान मिळतो आहे हे मला आनंदाने सांगत होता. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण हवा तेवढीच असताना टाकीतला प्राणवायू असा एकाएकी वाढतो तो खाणारे मेले तरच.

स्लजचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निरोगी स्लजमध्ये व्हॉर्टिसेला नावाचे एकपेशीय प्राणी दिसतात. देठावर उभी घंटा, घंटेच्या तोंडाशी सतत फिरणारे बारीक केस, आणि जरासा धक्का लागला की स्प्रिंगसारखा आखडणारा देठ. रोज सकाळी या घंटा मोजणे हे माझे पहिले काम असे, कारण टाकीची तब्येत त्या कुठल्याही यंत्राच्या आधी सांगतात. त्या दिवशी सगळ्या घंटा मिटलेल्या होत्या, काही देठावरून तुटलेल्या होत्या, आणि काचेवर काहीही हलत नव्हते. निवळण टाकीत स्लज खाली बसायला तयार नव्हता, गढूळ पाणी काठावरून वाहत होते. रात्री दहा वाजता घेतलेल्या आवक नमुन्याचा सीओडी रोजच्यासारखा होता आणि पीएचही ठीक होता. मध्यरात्रीनंतर वसाहतीतल्या कुठून तरी काहीतरी सोडले गेले होते; काय आणि कुणाकडून, ते शेवटपर्यंत कळले नाही. दुसऱ्या केंद्रातून टँकरने स्लज आणून, शेणकाला घालून, आवक निम्म्यावर आणून ती टाकी पुन्हा उभी करायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांतले अर्धवट प्रक्रिया झालेले पाणी अर्थातच खाडीला गेले.

चौथ्या दिवशी खाडीकाठचे काही भोई बांधव पाटीभर मेलेली मासळी घेऊन आले. त्यात बोय होते, शेंगटी होती, हाताच्या पंजाएवढ्या चिंबोऱ्या होत्या. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझी नोंदवही पाहायला मागितली. घटनेच्या रात्रीचे आकडे मी त्यांना दाखवले, आणि ते सगळे मर्यादेत होते. त्यांनी वही परत दिली, पाटी आमच्या ओट्यावर ठेवली आणि सगळे जण निघून गेले. मी खोटे लिहिले असेच त्यांना वाटले असणार. ते खोटे नव्हते हे त्यांना पटवून देईल आणि तरीही मासे का मेले ते सांगेल, अशी एकही चाचणी त्या प्रयोगशाळेत नव्हती. तो प्रसंग मी आजवर विसरू शकलेलो नाही.

आपल्या कायद्याला विषाची जाणीव नाही असे मात्र नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत जैवचाचणीची अट आहे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात दुसरे पाणी अजिबात न मिसळता मासे सोडावेत आणि ९६ तासांनंतर त्यांतले ९० टक्के जिवंत असावेत, असे ती सांगते. अट लिहिणाऱ्यांनी योग्य विचार केला होता, कारण पाण्यात नेमके कोणते रसायन आहे हे ठाऊक नसले तरी ते जिवाला अपायकारक आहे का, हा प्रश्न थेट जिवालाच विचारलेला बरा. वसाहतीत शंभर कारखाने असतील तर सांडपाण्यात हजार संयुगे असू शकतात, त्यांची मिश्रणे रोज बदलतात, आणि प्रत्येकाची यंत्रावर वेगळी तपासणी करणे कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यातले नाही. अडचण आहे ती ९६ तासांची. चार दिवसांत ते पाणी कितीतरी भरती-ओहोटींबरोबर खाडीतून समुद्रात जाऊन आलेले असते. मासे पाळणे, त्यांना सवयीच्या पाण्यात आधी काही दिवस ठेवणे, एकसारख्या आकाराचे मासे मिळवणे, हे रोज करणे शक्य नसते, आणि म्हणून ती चाचणी कधीमधी, कागद पूर्ण करण्यापुरती होते. माशाला विचारायचा तोच प्रश्न अधिक लवकर उत्तर देणाऱ्या जिवाला विचारायचा, एवढाच जिवाणू-संवेदकांमागचा विचार आहे.

कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारले तर ती सांगतील, की ताजेपणा ओसरत चाललेली मासळी रात्री अंधारात ठेवली तर कधी कधी तिच्या अंगावर फिकट निळसर उजेड दिसतो. हा उजेड समुद्रातल्या प्रकाशमान जिवाणूंचा असतो. (लाटा फुटताना दिसणारी निळी चमक वेगळी, ती नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्म प्लवकांची.) इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी १६६७-६८ च्या सुमारास अशी चमकणारी मासळी काचेच्या भांड्यात ठेवून भांड्यातली हवा पंपाने काढली, तेव्हा उजेड मावळला, आणि हवा परत सोडताच तो परतला. जिवाणू ठाऊक नसण्याच्या काळात त्यांनी दाखवून दिले, की हा उजेड श्वासाशी बांधलेला आहे. आज आपल्याला त्याचे कारण माहीत आहे. या जिवाणूंमधले ल्युसिफरेज नावाचे विकर प्राणवायू, एक अल्डिहाइड आणि पेशीच्या श्वसनातून मिळणारे एक ऊर्जावाहक द्रव्य यांचा संयोग घडवते आणि त्यातून निळा-हिरवा प्रकाश बाहेर पडतो. पेशीच्या श्वसनाला किंवा तिच्या आवरणाला कशानेही इजा झाली तर हा पुरवठा घटतो आणि उजेड मंदावतो. किती मंदावला ते प्रकाशमापक सांगतो.

या गुणाचा उपयोग करणारी चाचणी १९७९ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली. तिच्यात एलिव्हिब्रिओ फिशेरी हा समुद्री जिवाणू वापरतात, ज्याचे पूर्वीचे नाव व्हिब्रिओ फिशेरी. तो गोठवून वाळवलेल्या स्वरूपात कुपीत मिळतो, त्यामुळे प्रयोगशाळेला जिवाणू वाढवत बसावे लागत नाही. कुपीत पाणी घालून जिवाणू जागे करायचे, सांडपाण्यात २ टक्के मीठ मिसळून त्याची वेगवेगळी विरलने तयार करायची, प्रत्येकात जिवाणू सोडायचे, आणि ५, १५ व ३० मिनिटांनी उजेड मोजायचा. किती टक्के सांडपाण्यात जिवाणूंचा उजेड निम्मा होतो, तो आकडा विषारीपणाचे माप. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ मध्ये या चाचणीचे मानक ११३४८ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. फेनॉल, सायनाइड, पारा, जस्त, तांबे, क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रावके यांची घातक मात्रा या चाचणीत लपून राहत नाही. माझ्या टाकीतले जिवाणू त्या रात्री ज्या कारणाने मेले, त्याच कारणाने कुपीतल्या जिवाणूंचा उजेडही मावळला असता, आणि तो आम्हाला पहाटेपूर्वी दिसला असता.

चाचणीच्या उणिवाही सांगायला हव्यात. ती १५ अंश सेल्सिअसला करावी लागते, आणि मे महिन्यात ज्या प्रयोगशाळांत पंखाही धड चालत नाही तिथे हे तापमान राखण्यासाठी थंड ठेवणारा वेगळा संच लागतो. रंगांच्या कारखान्यांचे सांडपाणी मुळातच लाल किंवा काळपट असेल तर ते जिवाणूंचा उजेड गिळते, म्हणून रंगाची वजावट करावी लागते, आणि ती न करता काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. सगळ्यांत महत्त्वाचे हे, की जिवाणूला मज्जासंस्था नसते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके कीटकांच्या आणि माशांच्या नसांवर घाला घालतात. त्यांच्या ज्या मात्रेने मासा तडफडतो, त्या मात्रेने या जिवाणूचा उजेड फारसा कमी होत नाही. तेव्हा जिथे कीटकनाशकांचे कारखाने आहेत तिथे उजेडाच्या चाचणीबरोबर पाणपिसूसारख्या छोट्या प्राण्याची चाचणीही ठेवावी लागेल. एकाच चाचणीने सगळे कळेल असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तापमानाच्या अडचणीवर मात्र उपाय आहे, आणि आपण तो एकदा केलेला आहे. बीओडीची पाच दिवसांची, २० अंशांची पद्धत इंग्लंडमधून आली. आपल्या हवामानाला ती गैरसोयीची ठरल्यावर आपण ती ३ दिवस आणि २७ अंश अशी बदलून घेतली आणि आज तेच आपले मानक आहे. उजेडाच्या चाचणीसाठीही आपल्याच उबदार समुद्रातले जिवाणू का वापरू नयेत? फोटोबॅक्टेरियम लिओग्नाथी, व्हिब्रिओ हार्वेयी हे प्रकाशमान जिवाणू उष्ण कटिबंधातल्या पाण्यात सुखाने वाढतात. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आपल्या किनाऱ्यावरच्या अशा जिवाणूंचा अभ्यास पूर्वीच झालेला आहे, पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, आणि सांडपाण्याच्या प्रश्नाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, नागपुरात आहे. या तीन संस्थांनी मिळून २७ किंवा ३० अंशांना चालणारा, एकाच वाणाचा, कुपीत टिकणारा जिवाणू आणि त्याची भारतीय मानक पद्धत तयार करणे हे काही वर्षांत होण्यासारखे काम आहे. त्यासाठी कुणीतरी ते त्यांच्याकडे मागितले पाहिजे, आणि ते मागण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

उजेड मंदावणे हे झाले कोणतेही विष ओळखण्याचे काम. एखादे विशिष्ट रसायन ओळखणारे जिवाणूही तयार करता येतात, आणि त्या क्षेत्रात फार मोलाचे काम झाले आहे. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये लाखो कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. पश्चिम बंगालमधले पहिले रुग्ण १९८३ मध्ये ओळखले गेले. तिथे गावोगाव जी साधी किट वापरली गेली तिच्यात आर्सेनिकपासून आर्सीन हा अत्यंत विषारी वायू तयार करून कागदावरचा डाग पाहावा लागे, आणि लिटरला १० मायक्रोग्रॅम या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेजवळ तिचा भरवसा कमी होता. आता, आर्सेनिक पेशीत शिरले की ते बाहेर फेकण्याची सोय कित्येक जिवाणूंमध्ये निसर्गतःच असते. एक प्रथिन त्या सोयीच्या जनुकाला एरवी कुलूप लावून ठेवते आणि आर्सेनिक त्या प्रथिनाला चिकटले की कुलूप उघडते. स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्या कुलपामागे प्रकाश देणारी जनुके जोडली, त्यामुळे आर्सेनिक असेल तरच जिवाणू उजळतो. व्हिएतनाममधल्या १९४ भूजल नमुन्यांवर त्यांनी हे जिवाणू तपासले आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर ८ टक्के वेळा असलेले आर्सेनिक सुटले आणि २.४ टक्के वेळा नसताना इशारा मिळाला. रासायनिक किटपेक्षा ही कामगिरी कितीतरी सरस होती.

आपल्या जवळचे उदाहरण ट्रॉम्बेचे आहे. मिथाइल पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचे तुकडे करणारा फ्लॅव्होबॅक्टेरियम जातीचा जिवाणू भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी काचतंतूंच्या गाळणकागदावर बसवला आणि २००६ मध्ये त्याचा संवेदक म्हणून उपयोग दाखवला. या तुकड्यांतून पॅरा-नायट्रोफेनॉल हे पिवळे संयुग तयार होते, आणि पिवळेपणा किती ते मोजले की कीटकनाशक किती ते कळते. या जिवाणूच्या जनुकांत कोणताही बदल करावा लागला नव्हता. फिशेरीच्या चाचणीत जे विष निसटते, तेच इथे पकडले जाते, म्हणून मला या कामाचे विशेष महत्त्व वाटते. ते प्रयोगशाळेतून बाहेर पडून कीटकनाशक कारखान्यांच्या नाल्यांपर्यंत पोहोचायला हवे होते.

जनुकांत बदल केलेले जिवाणू नदीकाठी नेण्याबाबत लोकांच्या मनात शंका असणार, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे त्यासाठी १९८९ चे नियम आहेत आणि केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी लागते. ती गाळणी सैल करावी असे मी मुळीच म्हणत नाही. म्हणूनच सुरुवात समुद्रातून जसेच्या तसे घेतलेल्या प्रकाशमान जिवाणूंपासून करावी असा माझा आग्रह आहे, कारण त्यांच्या जनुकांना कुणी हात लावलेला नाही आणि हे नियम त्यांच्या आड येत नाहीत. दरम्यान जगात काम कुठवर गेले आहे त्यावर आपल्या विद्यापीठांनी लक्ष ठेवावे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये असे ई. कोलाय जिवाणू दाखवले, की ठरावीक रसायन भेटताच ते उजेडाऐवजी विद्युतप्रवाह देतात. जिवाणू जेलीसारख्या पदार्थात विद्युताग्रासह (इलेक्ट्रोडसह) बंदिस्त केलेले असल्याने पाण्यात थायोसल्फेट आल्याचा संकेत दोन-तीन मिनिटांत तारेवरून मिळतो. पंप बंद करण्यासाठी विजेच्या संकेताहून सोयीचे दुसरे काही नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सीईटीपींसारख्या सामायिक केंद्रांना सांडपाण्याची चोवीस तास नोंद ठेवणारी ऑनलाइन यंत्रे बसवायला सांगितले. ते पाऊल चांगले होते. पण त्या यंत्रांवर काय दिसते? प्रवाह, पीएच, सीओडी, बीओडी आणि तरंगते घन पदार्थ. रात्री दहाच्या माझ्या नोंदवहीत जे होते तेच, फक्त दर काही मिनिटांनी. विषारीपणाचा रकाना त्यात घातल्याशिवाय तो खर्च अपुरा राहतो. माझी सूचना अशी, की प्रत्येक सीईटीपीच्या आवक टोकाला आणि निर्गम टोकाला दर पाळीत एकदा उजेडाची चाचणी व्हावी, आणि तिचा आकडा इतर आकड्यांबरोबर संकेतस्थळावर सर्वांना दिसावा. आवक टोकाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. विषारी लोंढा आत येताना कळला तर तो समतोल टाकीत किंवा राखीव टाकीत अडवता येतो, एरेशन टँक वाचते, आणि मुख्य वाहिनीच्या फाट्याफाट्यावरचे नमुने तपासून तो कोणत्या बाजूने आला याचा मागही काढता येतो. लोंढा बाहेर पडल्यावर कळला तर हाती फक्त मेलेल्या माशांचा पंचनामा राहतो.

उद्योजकांचे दोन आक्षेप मी नोकरीत असताना अनेकदा ऐकले. पहिला खर्चाचा. त्यावर मी एवढेच म्हणेन, की स्लज मेल्यावर ती टाकी पुन्हा उभी करण्याचा खर्च सगळे सभासद कारखाने वाटून घेतात, ज्याने काही केले नाही तोही त्यात असतो, आणि प्रामाणिक कारखानदाराच्या हिताचे रक्षण या चाचणीइतके दुसरे काहीही करणार नाही. दुसरा आक्षेप खोट्या इशाऱ्यांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. रंग, गढूळपणा, क्षारांचे प्रमाण यांमुळे कधी कधी निष्कारण इशारा मिळेल. म्हणूनच एका चाचणीवर कुणालाही दंड करू नये; ती धोक्याची घंटा मानावी, नमुना थंड करून जपून ठेवावा, आणि त्यावर सविस्तर रासायनिक तपासणी करून मगच कारवाई करावी. आज तो जपून ठेवायचा नमुनाच घेतला जात नाही, कारण कुठल्या वेळचा घ्यायचा ते सांगणारे काही नसते.

पिण्याच्या पाण्याबाबत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या एका रसायनांच्या गोदामाला आग लागली, ती विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर टनावारी कीटकनाशके ऱ्हाइन नदीत वाहून गेली, लाल रंगाने नदी तांबडी झाली आणि लाखाहून अधिक ईल मासे मेले. त्या नदीवर खालच्या बाजूला जर्मनी आणि नेदरलँड्समधली शहरे पिण्याचे पाणी घेत होती. त्यानंतर ऱ्हाइनकाठच्या तपासणी केंद्रांत पाणपिसू, शिंपले असे जिवंत पहारेकरी बसवले गेले. आपल्याकडे उल्हास नदीच्या पाण्यावर कल्याण-डोंबिवली, उल्हासनगरसारख्या शहरांतली लाखो माणसे अवलंबून आहेत आणि त्याच खोऱ्यात रसायनांचे कारखानेही आहेत. तिथल्या पाणी उपसा केंद्रांवर तुरटीची मात्रा आणि क्लोरीन रोज काटेकोरपणे पाहिले जाते, पण तुरटी आणि क्लोरीन विरघळलेल्या द्रावकाला अडवत नाहीत. उजेडाची चाचणी अशा केंद्रात कच्च्या पाण्यावर, क्लोरीन मिसळण्यापूर्वी करावी लागेल. क्लोरीन जिवाणूंना मारतेच, त्यामुळे शुद्ध केलेले पाणी तपासायचे तर आधी सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरीन निष्प्रभ करावे लागते, जसे जंतुतपासणीच्या बाटलीत आजही करतात. या केंद्रांतल्या रसायनतज्ज्ञांना हे सहज जमेल.

मंडळाने ही चाचणी प्रायोगिक स्वरूपात सुरू करण्याचे मनावर घेतले, तर माझी एक विनंती आहे. आजची बहुतेक पाहणी सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळात होते आणि ती वेळ सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या वर्षभराचे नमुने रात्री एक ते पहाटे चार या वेळात घ्यावेत, जूनमध्ये तर रोज घ्यावेत, आणि ते घेताना खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीचा एक माणूस शेजारी उभा असावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळाप्रमुख
सातारा